भूलतज्ज्ञ आमदार

मामा गेल्याची बातमी मला घरून कळली नाही. पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी इन्क्युबेटरमधून तबकड्या बाहेर काढत होते आणि टेबलावर पालथा ठेवलेला फोन सारखा थरथरत होता. हातमोजे काढून पाहिले, तर गावाकडच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर मामांचे छायाचित्र आले होते... पांढराशुभ्र सदरा, जोडलेले हात, निवडणुकीतले हसू. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली, मामांच्या नावाहून मोठ्या अक्षरांत, श्रद्धांजली वाहणाऱ्याचे नाव. ज्या माणसाने मामांचे तिकीट कापले होते, त्याचा फलक सर्वांत आधी तयार झाला होता. मामीचा फोन त्यानंतर आला. "कळलंच असेल तुला," ती म्हणाली. "ये. बसनं ये, एकटी गाडी चालवत येऊ नको."

बातमी अनपेक्षित नव्हती. मामांना यकृताचा कर्करोग होता, तपासण्यांचे निष्कर्ष त्यांनी स्वतः वाचले होते आणि त्यांचा अर्थ आम्हाला सांगताना एकही शब्द मऊ केला नव्हता. अनपेक्षित होते ते सावडण्याच्या दिवशी जे बोलले गेले ते. आमच्याकडे, म्हणजे कडेगावच्या पुढच्या उसाच्या पट्ट्यात, राख सावडून झाली की नदीकाठीच पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे होतात. मामांनी स्वतः अशी शेकडो भाषणे केली असतील. त्या सकाळी एका वक्त्याने सांगितले, की ग्रामीण रुग्णालयाचे शस्त्रक्रियागृह डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे मामांनी, जनतेच्या सेवेत रुजू केले. ते कसे रुजू झाले, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी मान वर केली नाही. मला मामांविषयी लिहायचे आहे ते यासाठी. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत वाईट गोष्ट वगळली, तर त्यांनी केलेल्या सर्वांत चांगल्या गोष्टीचा अर्थच लागत नाही.

डॉ. जयसिंग हे माझ्या आईचे थोरले भाऊ. घर शेतीचे, धाकटा भाऊ फौजेत, आणि घराण्यातले पहिले डॉक्टर हे. त्यांची पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. तिथे एका बाळंतिणीला घोंगडीच्या झोळीत घालून डोंगर उतरवून आणले. मूल आडवे होते. मामांनी तिला जीपमध्ये घालून खालच्या रुग्णालयात नेले. तिथे सर्जन हजर होते, टेबल तयार होते. भूल देणारा माणूस नव्हता. तो येईपर्यंत काय झाले हे मामांनी मला कधी तपशिलाने सांगितले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मिरजेला भूलशास्त्राला प्रवेश घेतला, एवढेच सांगितले. माझ्या आजोबांना, आबांना, हा निर्णय मुळीच रुचला नाही. सर्जन व्हायचे सोडून पोरगा भलतेच शिकतो आहे, असे त्यांचे म्हणणे. "सुई मारून निजवायचं, ह्याला कसलं आलंय शिक्षण? त्ये तर ढोरांचा डाक्टर बी करतोय," असे ते भर पंगतीत म्हणाले होते. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "निजवायला न्हाई आबा, उठवायला शिकतोय."

शिकून झाल्यावर ते गावी परतले आणि मोटारसायकलला बॅग अडकवून या रुग्णालयातून त्या रुग्णालयात जाऊ लागले. भूलतज्ज्ञाचा पेशा विचित्र असतो. रुग्ण सर्जनचे नाव जन्मभर काढतो, भूल देणाऱ्याचा चेहराही त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणूनच मामा जिल्हा परिषदेला उभे राहिले तेव्हा त्यांच्या मित्रांची करमणूक झाली. "तुला मत कोण देणार रं गड्या? तुझं तोंड बघितलं की माणूस झोपतंय," असे एकाने चारचौघांत सुनावले. पण मामांचे गणित वेगळे होते आणि ते बरोबर ठरले. रुग्ण झोपलेला असला तरी त्याचे नातेवाईक बाहेर जागे असतात. शस्त्रक्रिया संपली की सर्जन हात धुवायला जात आणि मामा बाहेर येऊन बाकावरच्या माणसांशेजारी बसत. काय झाले, आता काय होईल, पाणी कधी द्यायचे, हे समजेल अशा भाषेत सांगत. ती बाकावरची माणसे त्यांना विसरली नाहीत. मामा जिल्हा परिषदेत गेले, आरोग्याचे सभापती झाले आणि पुढे आमदार झाले.

महत्त्वाकांक्षा या शब्दाची भीती बाळगायची नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. मी वैद्यकीय शिक्षण न घेता सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करणार असे जाहीर केले, तेव्हा मामी म्हणाली, "म्हणजे तू तसली डॉक्टर होणार, जी कुणालाच औषध देत नाही?" मामा हसले नाहीत. "तुला कुठवर जायचंय ते आधी ठरव आणि मोठ्यानं सांग. मनात ठेवलेली इच्छा माणसाला लबाड करते," असे ते म्हणाले. त्यांना स्वतःला राज्यमंत्री व्हायचे होते, आरोग्य खात्याचेच. हे त्यांनी लपवले नव्हते. जिल्ह्यातले पक्षाचे ज्येष्ठ नेते, ज्यांना सगळे नुसते 'साहेब' म्हणत, त्यांनी शब्दही दिला होता. हे सारे इथे नोंदवते, कारण पुढे जे घडले त्याचे कारण निष्काळजीपणा नव्हता. मामा विचार करूनच चुकले.

आमदारकीच्या काळात मामांनी गावच्या ग्रामीण रुग्णालयासाठी नवे शस्त्रक्रियागृह मंजूर करून आणले. इमारत उभी राहिली, भूल देण्याचे यंत्र त्यांनी स्वतः निवडले, जुन्या गळक्या खोलीतले टेबल-दिवे हलवून झाले, स्त्रीरोगतज्ज्ञ बाई नेमल्या गेल्या. भूलतज्ज्ञाचे पद भरले जाईपर्यंत मामा स्वतः येणार, असे ठरले. आणि मग दाराला कुलूप लागले, कारण उद्घाटन व्हायचे होते. मंत्र्यांची तारीख मिळाली, रद्द झाली, पुन्हा मिळाली, पुन्हा पुढे गेली. कोनशिलेवर कोणाचे नाव कोणाच्या वर, यावर दोन गटांत कुरबूर सुरू झाली. तयार असलेली इमारत फीत कापेपर्यंत वापरायची नाही, असा लेखी नियम कुठेही नाही, तरी तो आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, पूल... सगळे तयार होऊन हारतुऱ्यांची वाट पाहत उभे असते. मामांनी ही वाट पाहणे मान्य केले. साहेबांना डावलून दार उघडले असते, तर राज्यमंत्रिपद गेले असते. काही आठवड्यांचा तर प्रश्न आहे, तोवर अवघड बाळंतपणे मिरजेला पाठवू, असा त्यांचा हिशेब होता.

सारिका नावाच्या मुलीला प्रसूतीसाठी दाखल केले त्या दुपारी मी मामांच्या घरीच होते. सुट्टीवर आले होते. बैठकीच्या खोलीत मंडपाची आणि कोनशिलेची चर्चा रंगली होती. रुग्णालयातून मगदूम सिस्टरांचा फोन आला. मूल अडले आहे, बाई सिझेरियन करायला तयार आहेत, पण जुन्या खोलीत आता काहीच नाही, तुम्ही येऊन नवे शस्त्रक्रियागृह उघडून द्या. मामांनी फोनवरच चार-सहा प्रश्न विचारले. नाडी, रक्तदाब, बाळाचे ठोके, कळा किती वेळाच्या. उत्तरे ऐकून त्यांनी वर पाहिले. खोलीतली माणसे त्यांच्याकडे पाहत होती. "अजून वेळ आहे," मामा म्हणाले. "मिरजेला न्या. माझी गाडी घेऊन जा, मी तिथं फोन करून ठेवतो." रुग्णालय घरापासून हाकेच्या अंतरावर होते. जिल्ह्यातला अत्यंत अनुभवी भूलतज्ज्ञ खुर्चीत बसलेला होता. त्याने रुग्णाला न तपासता निदान केले, आणि त्या निदानात त्याला स्वतःला काय हवे होते तेही मिसळले गेले. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. अपेक्षित निष्कर्ष आधी मनात धरून निरीक्षण करणे म्हणजे काय, हे मी त्या दुपारी पाहिले. कोणत्याही पुस्तकात ते इतके स्पष्ट लिहिलेले नाही.

तासगावच्या अलीकडे सारिकाचे गर्भाशय फाटले. मिरजेला गाडी पोचली तेव्हा आई आणि बाळ दोघेही गेलेले होते.

तिच्या सावडण्याला मामा गेले. आमदाराने जायचेच असते. नदीवरून सगळे घरी परतले, पुरुष अंगणात सतरंजीवर बसले. मीही मामीबरोबर बायकांत होते. सारिकाची सासू उंबऱ्यात बसून होती. ती रडत नव्हती. मामा उठून तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले, तेव्हा तिने वर पाहिले आणि अगदी साध्या आवाजात, जणू काही चौकशीच करते आहे तसे म्हणाली, "आवं डाक्टर, पयलं तुमी मरायच्या आदी यायचा. माझ्या थोरल्या लेकीला तुमीच उठवलंसा. आता तुमी सावडायला येताय व्हय?"

अंगणातल्या एका कार्यकर्त्याने "ओ म्हातारे" असे काहीतरी सुरू केले. मामांनी हात वर करून त्याला थांबवले.  मग चपला पायांत सरकवून ते रस्त्याला लागले. गाडी मागून येत होती, तिच्यात बसले नाहीत. थेट रुग्णालयात गेले. मामी आणि मी मागोमाग पोचलो तेव्हा ते स्वीय सहायकाकडे किल्ली मागत होते. किल्ली सांगलीला होती, साहेबांच्या बंगल्यावर, कारण ती मंत्र्यांना तबकात घालून द्यायची होती. हे ऐकल्यावर मामांनी आवारातला एक दगड उचलला. कुलूप लवकर तुटले नाही. सदऱ्याची बाही फाटली, बोटांच्या पेरांवरून रक्त येऊ लागले. शिपाई पुढे झाला, तर त्याला त्यांनी जवळ येऊ दिले नाही. कुलूप तुटल्यावर आत जाऊन यंत्रावरचे प्लॅस्टिक काढले, हात धुतले आणि यंत्राची तपासणी सुरू केली... प्राणवायूचा दाब, नळ्या, झडपा. मगदूम सिस्टर दारात उभ्या राहून पाहत होत्या. "सिस्टर, टेबल लावा," मामा म्हणाले. "आता पेशंट परत पाठवायचा नाही."

आम्ही रुग्णालयातून निघायच्या आतच साहेबांचा फोन आला. मामांनी तो सर्वांसमोर घेतला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "डॉक्टर, लय घाई केलीत."

"उशीर केला, साहेब," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

राजकीय कारकीर्द तिथेच संपली. राज्यमंत्रिपद दुसऱ्याला गेले आणि पुढच्या निवडणुकीत तिकीटही. विरोधकांनी सारिकाचा फोटो फलकांवर लावला. खुद्द मामांच्या पक्षातल्या लोकांनी खासगीत सांगितले, की डॉक्टर असून बाई मरू दिली. मामांनी एकाही सभेत किल्ली कुठे होती हे सांगितले नाही. मला याचा राग येई. वस्तुस्थिती मांडायला काय हरकत आहे, असे मी एकदा तावातावाने विचारले. "किल्ली सांगलीला होती, हे खरं," ते म्हणाले. "पण दगड इथंच होता ना? त्या दुपारी पण होता." 

आमदारकी गेल्यानंतरचे त्यांचे आयुष्य त्या शस्त्रक्रियागृहात गेले. पद रिकामे होते, म्हणून मामा मानद म्हणून, पगार न घेता जात. रोज सकाळी, आणि बोलावणे येईल तेव्हा. खासगी रुग्णालयांची कामे हळूहळू बंद केली. लग्नकार्ये सोडली, सावडण्याला जाणे तर त्या दिवसापासूनच सोडले. आमच्या भागात माणसाने सावडण्याला न जाणे म्हणजे समाजातून उठणे. लोकांनी ते अहंकार समजले. मामीला बाजारात टोमणे ऐकावे लागले. मामीने ते घरी आणले नाहीत. सारिकाच्या सासरची माणसे मामांशी पुढे कधी बोलली नाहीत आणि मामांनीही त्यांच्या दारात जाऊन क्षमा मागण्याचा देखावा केला नाही.

आमचा एकच मोठा वाद झाला, तो या काळातला. मी तेव्हा पीएच.डी. पूर्ण करत होते आणि प्रत्येक गोष्टीकडे व्यवस्था म्हणून पाहण्याची सवय लागली होती. मी म्हणाले, "मामा, तुम्ही जाता म्हणून ते पद भरलं जात नाही. कागदावर इथं एकही सिझेरियन अडत नाही. तक्रार नाही, म्हणजे निकड नाही. तुमच्या चांगुलपणामुळं सरकारची सोय होते आहे. तुम्ही नसाल तेव्हा काय?" मामा जेवत होते. त्यांनी घास पूर्ण खाल्ला. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "मग उद्यापासून नको जाऊ का?" मी ताटातला भात कालवू लागले. "नाही, तू शिकलेली आहेस, म्हणून विचारतो. उद्या सकाळी जी येईल, तिला मी काय सांगू? तू थांब, तुझ्यामुळं पद भरेल?" मामी म्हणाली, "जेवू द्या की तिला, किती बोलताय." पण मामा चिडलेले नव्हते. त्यांना खरेच उत्तर हवे होते. आमदार असताना हे पद भरून घेण्याची ताकद त्यांच्याकडे होती, तेव्हा ते फितीच्या भानगडीत अडकले. ताकद गेल्यावर त्यांच्याकडे स्वतःचे दोन हातच उरले होते. माझे विश्लेषण अचूक होते, आणि ते त्या जेवणाच्या ताटावर निरुपयोगी होते.

शेवटची भेट मिरजेला झाली. ज्या गावात ते भूल द्यायला शिकले, त्याच गावातल्या एका रुग्णालयात ते खाटेवर होते. हात काड्यांसारखे झाले होते, डोळे हळदीसारखे पिवळे. दुपारी त्यांनी मामीला फोन धरायला सांगितला आणि मगदूम सिस्टरांना विचारले, आज काय काय झाले. सिस्टरांनी सांगितले, एक अडलेली बाई आली होती, मिरजेला पाठवली. "पोचली का?" मामांनी विचारले. सिस्टरांना माहीत नव्हते. मामांनी डोळे मिटले, पण झोपले नाहीत. थोड्या वेळाने मी उठले, रिक्षा केली आणि सरकारी रुग्णालयात जाऊन चौकशी केली. बाई पोचली होती, मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. परत येऊन मी हे सांगितले. मामांनी पुन्हा विचारले, "तू बघितलीस?" मी म्हणाले, "बघितली." मग ते झोपले. त्यानंतर ते जागे असे फारसे झालेच नाहीत...

ते गेल्यानंतर काही दिवसांनी पक्षाची मंडळी घरी आली. शस्त्रक्रियागृहाला मामांचे नाव द्यायचे ठरले होते. मोठ्या नेत्यांच्या हस्ते कार्यक्रम, कुटुंबाची संमती हवी. मामी शांतपणे ऐकत होती. "पाटी लावायची तर लावा," ती म्हणाली. "भूल द्यायला माणूस कधी येणार?" त्याचा प्रस्ताव वर गेलाय वहिनी, असे उत्तर मिळाले. "मग तो आला, की त्याच्या हातनं लावू पाटी," मामी म्हणाली आणि चहाचे कप उचलायला लागली. मंडळी उठली. नामकरणाची मंजुरी मात्र त्यांनी आधीच मिळवून ठेवलेली होती. नाव देण्याचे काम आपल्याकडे फार वेगाने होते.

पुण्याला परतायच्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात गेले. मगदूम सिस्टर आता निवृत्तीला आल्या आहेत. त्यांनी मला शस्त्रक्रियागृह दाखवले. टेबल लावलेले होते. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला, यंत्राला खेटून, एक लोखंडी स्टूल होते. त्याच्या बैठकीवर मामीच्या जुन्या साडीची घडी शिवून घातलेली होती, कारण शेवटच्या वर्षात मामांना कडक बैठक सोसत नसे. रुग्णाच्या उशाशी बसून ते तिच्या कपाळावर तळवा ठेवत आणि तिच्या शेतात काय लावले आहे ते विचारत. बायका ऊस, हळद, सोयाबीन असे काही सांगता सांगता झोपत, आणि जाग आल्यावर तेच बोलणे पुढे सुरू करत. सिस्टर हे सांगत असतानाच बाहेर जीप थांबली. डोंगराकडच्या वाडीवरची बाई होती, पहिलटकरीण. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासले, बाहेर आल्या आणि नुसती नकारार्थी मान हलवली. रुग्णवाहिका मागवली गेली. तिचा नवरा गोंधळून उघड्या दारातून आतल्या टेबलाकडे, दिव्याकडे पाहत होता. "हितं तर समदं हाय की," तो म्हणाला.  मी तिथे उभी होते, नावामागे डॉक्टर लावणारी, आणि मला भूल देता येत नाही. रुग्णवाहिका गेल्यावर सिस्टरांनी स्टूल उचलून भिंतीला लावले.

संध्याकाळी बस कराड सोडत असताना सिस्टरांचा फोन आला. बाई वाचली होती. मूल राहिले नव्हते.  मग मी विचारले, उद्याचे काय.

"उद्या काय... टेबल लावायचंच की," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी सरांचं स्टूल पण उशाशी ठेवते मी रोज. कुणी येणार नाही, ठाऊक आहे. पण ते ठेवल्याशिवाय टेबल लावल्यासारखं वाटत नाही बघ."